"नॉर्मल करून देतो" म्हणणारे डॉक्टर आणि नाही म्हणणाऱ्या मॅडम

पत्र थोडक्यात : वय २९, राहणं तालुक्याच्या गावी, दुसरी खेप. दिलेल्या तारखेला पाच दिवस उरलेत. पहिला मुलगा पायाळू होता म्हणून दिवस भरल्यावर माहेरी सीझर झालं. पुढच्या महिन्यात तो तीन वर्षांचा होईल. या वेळी बाळाचं डोकं खाली आहे, बीपी आणि शुगर ठीक आहे. गावातल्या डॉक्टर मॅडम म्हणतात, "कळा आपोआप आल्या तर जिल्ह्याला जाऊन नॉर्मलचा प्रयत्न करा. पण तारीख उलटली तर मी कळा आणणार नाही, सीझर करेन." शेजारच्या गावातले डॉक्टर फोनवरच म्हणाले, "घेऊन या, औषध ठेवून नॉर्मल करून देतो." थोरल्या जाऊबाईंना तिसऱ्या वेळी त्यांनीच गोळी ठेवली होती आणि त्या सहा तासांत मोकळ्या झाल्या, त्यांची आधीची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल होती. सासूबाई एरंडेल घ्यायला सांगतात. "मॅडमना सीझरचे पैसे हवेत असं घरात सगळ्यांना वाटतं, आता मलाही वाटायला लागलंय. पहिल्या वेळी हरले, या वेळी तरी नॉर्मल व्हावं. कळा आणायला हरकत काय आहे?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात दोन डॉक्टर आहेत, एक लोभी आणि एक धीराचे. ही वाटणी तुमच्या घरात होऊन गेलेली दिसते. मला ती उलटी करून बघावीशी वाटते.

मॅडमनी नॉर्मलला नकार दिलेला नाही. तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. कळा आपोआप आल्या तर जिल्ह्याला जा, असं त्या म्हणाल्या. म्हणजे हातचं बाळंतपण त्या स्वतःहून दुसरीकडे पाठवायला तयार आहेत. त्यांचा नकार फक्त त्यांच्या दवाखान्यात औषधाने कळा आणायला आहे. पैशांचा हिशेब करणारी व्यक्ती सहसा असं बोलत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलेलं नाही, जुना कागद पाहिलेला नाही, आणि तरी "करून देतो" म्हणाले. नॉर्मल बाळंतपण कुणी करून देत नसतं. ते होतं किंवा होत नाही. डॉक्टर त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात, एवढंच त्यांच्या हातात असतं.

तुमच्या घरच्यांचा संशय अगदीच हवेतला आहे असंही मी म्हणणार नाही. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांतली ४७ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सीझरने झाली होती, सरकारी दवाखान्यांतली १४ टक्के. एवढी तफावत केवळ बायकांच्या तब्येतीमुळे येत नाही. पण देशाच्या आकड्यावरून एका बाईचा हेतू ओळखता येत नाही. लहान दवाखाना चालवणारी डॉक्टर "टाक्यांवर मी कळा आणणार नाही" म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ अनेकदा असा असतो, की रात्री दोन वाजता बाळाचे ठोके पडले तर माझ्याकडे भूल देणारे डॉक्टर नाहीत, रक्त नाही. हे तोंडावर कबूल करणं सोपं नसतं.

आता टाक्यांचं. तुम्ही पोटावरच्या टाक्यांबद्दल लिहिलंय, "ते केव्हाच भरले, दुखतही नाहीत." ते वरचे. काळजी आतल्या टाक्यांची असते, गर्भपिशवीवरच्या. तिथे नवी पेशी पहिल्यासारखी येत नाही, वण येतो. कळांमध्ये पिशवीचा वरचा भाग आकुंचन पावतो आणि खालचा ताणून पातळ होतो, आणि तुमचा वण बहुधा या खालच्या भागातच आहे. क्वचित तो ताणाने उकलतो. उकलला तर आईला आतल्या आत रक्तस्राव होतो आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. मग मिनिटांचा खेळ असतो.

क्वचित म्हणजे किती? २००४ साली अमेरिकेतल्या १९ मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सीझर झालेल्या जवळपास १८ हजार बायकांनी तिथे नॉर्मलचा प्रयत्न केला होता. ज्यांच्या कळा आपोआप आल्या, त्यांच्यात हजारात चौघींचा वण उकलला. ज्यांना फक्त ऑक्सिटोसिनच्या सलाइनने कळा आणल्या त्यांच्यात हजारात अकरा. प्रोस्टाग्लँडिन गटातलं औषध, म्हणजे खालून ठेवायची गोळी किंवा जेल, वापरलेल्यांमध्ये हजारात चौदा, मग त्यासोबत सलाइन असो वा नसो. ब्रिटनमधलं प्रसूतितज्ज्ञांचं रॉयल कॉलेजही हेच सांगतं : आपोआप आलेल्या कळांच्या तुलनेत आणलेल्या कळांमध्ये हा धोका दोन ते तीन पट होतो.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. हजारात चौदा म्हणजे ९८६ जणींचा वण उकलला नाही. वण उकलला म्हणजे बाळ गेलंच असंही नाही; त्याच अभ्यासात वण उकलून बाळाच्या मेंदूला इजा होण्याचं प्रमाण प्रयत्न करणाऱ्या साधारण दोन हजार बायकांमागे एक इतकं होतं. नवऱ्याची झोप उडाली असेल तर त्यांना हे जरूर सांगा. पण ही मोठी शिकवणारी रुग्णालयं होती. ठोके बिघडले की तिथे माणसं धावत येतात, ऑपरेशन थिएटर शेजारी असतं. "भूलतज्ज्ञांना फोन लावलाय, अर्ध्या तासात पोचतील" अशा जागी तोच वण उकलला तर हिशेब बदलतो. किती बदलतो हे कुठल्या तक्त्यात मिळत नाही, पण लेबर रूममध्ये ज्यांनी रात्री काढल्या त्यांना ते ठाऊक असतं. मीही काढल्या आहेत.

उमेदवारीच्या दिवसांतली एक रात्र सांगते. बाहेरून पाठवलेली बाई, आधीचं सीझर, कुणीतरी कळांचं इंजेक्शन देऊन मग "जमत नाही" म्हणून गाडीत घातलेली. आली तेव्हा नातेवाईक म्हणत होते, "आता बरं वाटतंय तिला, कळा थांबल्यात." मोठ्या डॉक्टर बाई ते ऐकूनच थिएटरकडे धावल्या. जोरात चाललेल्या कळा एकाएकी थांबणं, दोन कळांच्या मधेही टाक्याच्या जागी दुखत राहणं, खालून रक्त जाणं, लघवी लाल होणं, नाडी धावायला लागणं ही वण उकलल्याची लक्षणं असू शकतात. सगळ्यात आधी बहुतेक वेळा बिघडतात ते बाळाचे ठोके. म्हणून अशा बाळंतपणात ठोक्यांचा आलेख सतत चालू लागतो. अधूनमधून कान लावून भागत नाही. त्या रात्री आई वाचली. बाळाबद्दल मी इथे लिहीत नाही.

मग सगळ्याच कळा आणणं वाईट का? नाही. पद्धतीपद्धतीत फरक आहे आणि तुमचा प्रश्न खरा तिथेच अडकलाय, कारण "औषध ठेवू" म्हणजे कोणतं, ते तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही.

जाऊबाईंना ठेवलेली गोळी बहुधा मिसोप्रोस्टॉल असणार. टाके नसलेल्या पिशवीला योग्य मात्रेत ती चालते. तुमच्यासाठी नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची सूचना याबाबत स्पष्ट आहे : आधी सीझर झालेल्या बाईला शेवटच्या तिमाहीत कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल देऊ नये. गोळी एकदा विरघळून अंगात गेली की मागे घेता येत नाही. कळा एकीवर एक आदळायला लागल्या तरी बघत बसावं लागतं. सलाइनमधून दिलेल्या ऑक्सिटोसिनचं तसं नाही, ते बंद केलं की थोड्या वेळात जोर ओसरतो. जेलबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. काही ठिकाणी मोठ्या रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली ते वापरतात. मी लहान दवाखान्यात वापरू देणार नाही.

यापेक्षा सौम्य वाटा आहेत. एक म्हणजे तपासताना बोटाने पिशवीच्या तोंडापासून पडदा सैल करणं. मिनिटाभराचं काम, थोडं दुखतं, थोडं रक्त दिसतं, आणि काहींच्या कळा त्यानंतर आपणहून सुरू होतात. तोंड उघडायला लागलं असेल तर पाण्याची पिशवी फोडून वाट बघता येते. तोंड बंद असेल तर फुग्याची नळी. लघवीसाठी घालतात तीच रबरी नळी पिशवीच्या तोंडातून वर सरकवायची, तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवायचा. तो दाब देऊन तोंड हळूहळू उघडतो आणि तीन-चार सेंटीमीटर झालं की आपोआप गळून पडतो. यात बाहेरून औषध जात नाही, म्हणून वण असलेल्या पिशवीसाठी बरेच डॉक्टर हीच पद्धत पसंत करतात. पुढे सलाइन लागलंच तर कमी वेगाने.

या सगळ्याआधी मात्र एक तपासणी हवी, पिशवीचं तोंड आज कसं आहे याची. मऊ, आखूड, थोडं उघडलेलं असेल तर कळा आणणं म्हणजे अर्धवट उघड्या दाराला हात लावणं. कडक, लांब, बंद असेल तर तास न् तास वणावर ताण आणि शेवटी तेच सीझर, तेही थकलेल्या अंगावर. कळा देऊन मग करावं लागलेलं सीझर हे ठरवून केलेल्या सीझरपेक्षा आईला जड जातं, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्ही जास्त. एका सीझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चौघींतल्या साधारण तिघी यशस्वी होतात. कळा आणाव्या लागल्या तर हे प्रमाण तिघींतल्या दोघींच्या आसपास येतं. तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. पहिलं सीझर बाळ पायाळू असल्यामुळे झालं, वाट अडली म्हणून नव्हे. ते कारण या वेळी नाही. दोन बाळंतपणांतलं अंतरही पुरेसं आहे. दीड वर्षाच्या आत दुसरं असतं तर मी वेगळं बोलले असते.

आता जुना कागद. डिस्चार्ज कार्डावर "एलएससीएस" लिहिलंय असं तुम्ही कळवलंत. ही चार अक्षरं सांगतात की छेद पिशवीच्या खालच्या भागावर होता. बहुतेक वेळा तो आडवाच असतो आणि तोच सगळ्यात भरवशाचा. पण छेद मधेच वर वाढवावा लागला का, फाटला का, हे ऑपरेशनच्या नोंदीतच सापडतं. वरच्या भागातला उभा छेद असेल तर कळांमध्ये तो उकलण्याचं प्रमाण शंभरात चार ते नऊपर्यंत जातं, आणि मग नॉर्मलचा विषयच मिटतो. पोटावरच्या वणावरून आतला छेद कळत नाही, हे लक्षात ठेवा. माहेरच्या दवाखान्यात उद्याच कुणाला तरी पाठवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, पण त्या जपून ठेवण्याची सक्ती तीनच वर्षांची आहे. तुमची तीन वर्षं पुढच्या महिन्यात भरतात, म्हणून घाई.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात "टाक्यांची जाडी" म्हणून मिलिमीटरचा आकडा येतो आणि तो बघून घरं हादरतात. याच्या खाली धोका, याच्या वर सुरक्षित, अशी सर्वमान्य रेघ अजून नाही. तेवढ्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

आणि तारीख. तारखेला दिवस संपत नाहीत. ती दुधाच्या पिशवीवर छापलेली तारीख नव्हे. आधी ती कशावरून काढली ते विचारा. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख शेवटच्या सोनोग्राफीपेक्षा जास्त विश्वासाची. सगळं ठीक असेल तर ४० आठवड्यांनंतर काही दिवस थांबता येतं, मात्र बाळाच्या ठोक्यांची आणि गर्भजलाची तपासणी करत. ४१ आठवड्यांच्या पुढे थांबण्याचा बाळाला असलेला धोका हळूहळू चढायला लागतो, म्हणून तिथे मी रेघ ओढते. मधेच बीपी चढलं, पाणी कमी झालं, बाळाची वाढ अडली तर थांबणं त्याच दिवशी संपलं.

तुमच्या जागी माझी भाची असती तर तिला मी सांगितलं असतं, की मॅडमकडून तोंडाची तपासणी करून घे, पडदा सैल करता येतो का विचार, आणि या दोन दिवसांत जिल्ह्याच्या अशा रुग्णालयात नाव घाल जिथे भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी रात्रीही असते. जिल्हा रुग्णालय असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण आणि लागलं तर सीझरही मोफत होतं, म्हणजे घरातली पैशांची चर्चाही आपोआप थांबेल. तिथे थेट विचार : टाके असलेल्या बाईला तुम्ही कळा आणता का, कशाने आणता, ठोक्यांचा आलेख सतत चालू असतो का, आणि निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर यायला रात्री किती वेळ लागतो. या प्रश्नांवर चिडणाऱ्या डॉक्टरांकडे कळा आणू नयेत. ४१ आठवड्यांपर्यंत कळा आल्या नाहीत, तर तोंड मऊ असल्यास तिथेच, फुग्याने किंवा पाणी फोडून. तोंड अजिबात तयार नसेल, किंवा असं रुग्णालय हाताशीच नसेल, तर ठरवून सीझर. शेजारच्या गावातलं औषध कुठल्याही परिस्थितीत नाही. आणि सीझर ठरलंच तर मुहूर्त काढणाऱ्यांना सांग, की दिवसाउजेडी, सगळी माणसं हजर असतानाची वेळ हाच मुहूर्त.

अजून एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी विचारते : तिसरं मूल हवंय का? प्रत्येक सीझरनंतर पुढच्या खेपेला वार जुन्या वणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो आणि ते बाळंतपण फार रक्ताचं असतं. तिसरं हवं असेल तर आजच्या नॉर्मलच्या प्रयत्नाचं वजन वाढतं. दोनच पुरे असतील, तर दुसऱ्या सीझरचं ओझं बरंच हलकं आहे.

"पहिल्या वेळी हरले" हे वाक्य मात्र मला खटकलं. पायाळू बाळ सुखरूप हातात आलं, त्यात हरण्यासारखं काय होतं? "एकदा सीझर, कायम सीझर" हे वाक्य १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांनी लिहिलं. तेव्हा छेद वरच्या भागात उभा घेत, आणि त्यांना सांगायचं होतं की पहिलं सीझरच विचार करून करा. पुढे संदर्भ गळाला आणि वाक्य बायकांच्या कपाळी बसलं. आता त्याच्या उलट "कसंही करून नॉर्मलच" हेही तसंच कपाळी बसू पाहतंय. सासूबाईंच्या बोलण्यात माया आहे हे मी जाणते. त्यांना एवढंच सांगा, की एरंडेलाने कळांपेक्षा जुलाब आणि उलट्याच जास्त होतात आणि अंगातलं पाणी जातं. त्याऐवजी कळा सुरू झाल्या की नातवाला सांभाळायला त्या हव्यात.

कारण कळा सुरू झाल्या की घरी रेंगाळायचं नाही. पहिलटकरणीला सांगतात तसं "कळा पक्क्या होऊ देत" म्हणून तुम्ही थांबू नका. पाणी गेलं किंवा कळा नियमित यायला लागल्या की निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. जुनी फाइल, रक्तगटाचा कागद आणि ऑपरेशनची नोंद आजपासून एका पिशवीत दाराशी ठेवा. आणि बाळाची हालचाल रोज बघा. कमी वाटली तर तारखेचा, कळांचा, कुणाच्या फोनचा विचार न करता त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, दाखवायला जा.